बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत

मराठी माणूस साक्षर झाला तो पाट्या वाचण्यासाठी, असं माझं प्रामाणिक मत आहे. 'येथे थुंकू नये', 'विनाकारण बसू नये', 'एकदा घेतलेला माल परत घेतला जाणार नाही' हे आपलं खरं अक्षरवाङ्मय. मी स्वतः गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे 'पेन मागू नये' या पाटीखाली बसतो, तेव्हा पाटी म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. पाटी लिहिणारा माणूस त्रासलेला असतो आणि वाचणारा ती आपल्यासाठी नाही असं समजून पुढे जातो. दोघांचंही समाधान होतं.

पण गेल्या फेब्रुवारीत दिंडोरी तालुक्यात एका फाटकावर मी शेजारीशेजारी अशा दोन पाट्या वाचल्या, की माझं रक्त (सावधगिरीचा उपाय म्हणून गोळी घेतलेली असतानाही) उसळलं. पहिली पाटी इंग्रजीत, झोकदार अक्षरात. तिचा मथितार्थ असा : 'आमचं कौटुंबिक द्राक्षमळ्याचं घर. जेवणाशी मैत्री करणाऱ्या वाइनसाठी प्रसिद्ध.' दुसरी शुद्ध मराठीत, लाल अक्षरात : 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.'

आणि या दोन पाट्यांच्या बरोबर मधे आमच्या सौ. चार पुडांचा डबा घेऊन उभ्या होत्या.

आता डबा का, असं विचारणाऱ्या वाचकाचं लग्न झालेलं नसावं. कसारा घाटाच्या पलीकडे अन्न मिळत नाही अशी आमच्या घरात तीन पिढ्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे डब्यात दशम्या, कोरडा झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. कांदा बुक्कीने फोडायचा असतो, म्हणून तो अखंड. फाटकावरच्या पहारेकऱ्याने डबा हुंगला (ठेच्याने त्याला वाकायचीही तसदी दिली नाही) आणि पाटीकडे बोट दाखवलं.

"अहो, पण इथे लिहिलंय ना, जेवणाशी मैत्री?" मी म्हणालो.

"ते आतल्या जेवणाशी," तो म्हणाला.

त्या एका वाक्यात त्याने सगळा विषय संपवला होता. मला मात्र तो पुरा समजायला अख्खी दुपार लागली, आणि समजल्यापासून गप्प बसवत नाही.

ही सहल आमच्या साडूंची करणी. साडू नाशकात कॉलेज रोडला राहतात. माणूस एरवी भला, पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी वाइनचा शनिवार-रविवार अभ्यासवर्ग केला. तेव्हापासून ते ताकसुद्धा पेल्यात तीनदा गोल फिरवून, नाक आत घालून, डोळे मिटून मग पितात. "कौटुंबिक मालकीचं आहे, मोठ्या कंपनीसारखी जत्रा नाही," असं ते वाटेत सांगत होते. कौटुंबिक मालकी म्हटली की माझ्यातल्या कॉमर्स पदवीधराला 'दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला' हे खात्यावरचं वाक्य आठवतं आणि पुढच्या भांडणांचा अंदाज येतो. पण मी बोललो नाही. गाडी त्यांची होती.

डबा गाडीत ठेवून आम्ही आत गेलो. जागा नितांत सुंदर, हे मान्य करायलाच हवं. ओळीत उभ्या वेली, मागे सह्याद्रीचे सुळके, आणि ऐन तोडणीचे दिवस. युरोपात वाइनची द्राक्षं उन्हाळ्याच्या अखेरीस काढतात. आपल्याकडे पावसाने घोळ नको म्हणून शेतकरी वेलीला फसवतो. एप्रिलमधे खरड छाटणी, पावसाळा सरता सरता दुसरी छाटणी, आणि मग थंडीच्या कोरड्या हवेत घड पिकवून जानेवारी ते मार्चमधे तोडायचे. वर्षात दोनदा कात्री लागूनही हसतमुखाने पीक देणारा असा जीव मी फक्त पगारदार वर्गात पाहिला आहे.

आत स्टीलच्या उंच टाक्या. दूध डेअरीत आल्यासारखं वाटलं. पांढऱ्या वाइनचा रस थंड ठेवून सावकाश आंबवतात, घाई केली तर फळाचा वास उडून जातो, हे तिथल्या तरुणाने छान समजावून सांगितलं. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. इथपर्यंत सर्व ठीक होतं. बिघडलं ते चव घेण्याच्या दालनात.

तिथे उंच स्टुलांवर आमची स्थापना झाली. ज्या स्टुलावर बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत, त्यावर बसून माणसाला स्वतःचं मत राहत नाही, हे त्या दालनवाल्यांनी अभ्यासून ठरवलेलं असावं. काळा एप्रन घातलेल्या तरुणाने पहिली वाइन ओतली. ती इतकी थोडी होती की मी सवयीने उजवा तळहात पुढे केला आणि डावा त्याखाली धरला. साडूंनी मला कोपर मारलं. समोर एक पितळी भांडं ठेवलं होतं. ते कशाला, तर तोंडातली वाइन नको असेल तर थुंकायला! उभ्या आयुष्यात 'येथे थुंकावे' अशी सूचना मला प्रथमच मिळाली, आणि तीही पैसे भरल्यावर.

"हुंगा आणि सांगा, काय येतंय?" तरुण म्हणाला.

काय येणार? परीक्षेच्या हॉलमधे येतो तसा घाम आला. साडू म्हणाले, "गुजबेरी." तरुणाने मान डोलावली. "आणि थोडं पॅशनफ्रूट." पुन्हा मान डोलली. साडूंचा जन्म सिन्नरचा. गुजबेरी त्यांनी कधी कुठे खाल्ली, हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नाही. मग आमच्या सौ.नी पेला नाकाशी नेला. त्या पीत नाहीत, पण वास घ्यायला मनाई नाही. हेच ते नाक, जे गेली अठरा वर्षं तूप, खोबरं आणि माझा शर्ट यांची परीक्षा घेत आलं आहे. त्या म्हणाल्या, "सिमला मिरची. नुकती कापलेली."

तरुण हसला. आमच्या पलीकडे मुंबईचं एक जोडपं होतं, तेही हसलं. साडू पेल्यात लपायला जागा शोधू लागले.

घरी येऊन मी वाचलं तेव्हा कळलं, की सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षात जी हिरवट वासाची द्रव्यं असतात, त्याच जातीची द्रव्यं सिमला मिरचीला तिचा वास देतात. म्हणजे त्या दालनात बरोबर उत्तर एकाच व्यक्तीने दिलं होतं, आणि हसू तिलाच आलं सगळ्यांना! पुढे लाल शिराज आली. सौ. म्हणाल्या, "काळी मिरी." तीही बरोबर. शिराजचा मिरमिरीत वास आणि मिरीचा वास हे एकाच द्रव्याचे, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं. आमच्या घरच्या संशोधनाला मसाल्याचा डबा पुरला.

वाइनबरोबर खायला एक फळी आली. अक्षरशः लाकडी फळी. तिच्यावर चीजचे चार तुकडे, चार ऑलिव्ह, चार बिस्किटं आणि मधाचा एक ओघळ. किंमत साडेसातशे रुपये. मी मनात भागाकार केला आणि ऑलिव्हची बीसुद्धा जरा जास्त वेळ चघळली. मग धीर करून विचारलं,

"याबरोबर झुणका-भाकरी कशी लागेल हो?"

तरुण दयाळूपणे म्हणाला, "सर, स्पायसी फूड वाइनला किल करतं. घरी ट्राय करायचं असेल तर तिखट थोडं कमी करा."

वाचकहो, माझं भांडण आहे ते या वाक्याशी. त्या पोराशी नाही. त्याला जे पाठ करायला दिलं ते त्याने म्हटलं. आमच्याकडे नवा ऑफिसर सर्क्युलर म्हणतो तसं.

मैत्री म्हणजे काय? माझा एक मित्र माझ्याकडे जेवायला येतो आणि दारातच सांगतो, की वहिनींना तिखट कमी घालायला सांग, कांदा नको, लसूण नको, आमटी नंतर वाढ, लोणचं दृष्टीआड कर. असा माणूस मित्र नव्हे. तो तपासणीला आलेला इन्स्पेक्टर. जेवणाशी मैत्री करणारी वाइन म्हणायची, आणि जेवणालाच म्हणायचं, तू बदल! मग मैत्री केली कोणी?

बरं, ही वाइन आली कुठून? शेनँ ब्लां ही मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठची. नाशिकच्या डोंगराळ मातीत ती आणि तिची भावंडं नावारूपाला आली ती गेल्या पाव शतकात. त्याआधी १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन करून ती परदेशी पाठवली. राजीव सामंत यांच्या नाशिकच्या पहिल्या बाटल्या २००० सालच्या. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूर व पलूस इथे वाइन पार्क काढली. मिरची मात्र पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली आणि चारशे वर्षांहून जास्त काळ आपल्या पाट्यावर वाटली जाते आहे. पाहुणी तीही होती, पण तिने इथे येऊन आपल्या वरवंट्याला नावं ठेवली नाहीत. शेनँ ब्लां म्हणजे काल आलेला घरजावई. त्याने सासऱ्याच्या घरात पाट मांडून बसावं, पोटभर जेवावं, पण 'स्वयंपाकात मिरची कमी करा' असं सासूला बजावू नये. घरजावयाने जपावी अशी एक पायरी असते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं भावनेचं झालं, चवीचं शास्त्र वेगळं. ठीक. शास्त्र घेऊ.

ज्यांच्याकडून हे शास्त्र आणलं त्या मंडळींचं काय चालतं? ल्वार नदी जिथे समुद्राला मिळते त्या भागात मस्कादे नावाची आंबटसर वाइन होते, आणि तिथले लोक ती समुद्रातल्या कालवांबरोबर पितात. इटलीत कियांतीचा प्रदेश आहे. तिथली आंबट-तुरट लाल वाइन तिथल्याच टोमॅटोच्या रश्शाबरोबर आणि मटणाबरोबर जाते. टोमॅटोसुद्धा मिरचीसारखाच अमेरिकेहून आलेला, पण त्याला कोणी 'वाइनला किल करणारा' म्हणत नाही. शेजारच्या शेतात जे पिकतं आणि शेजारच्या चुलीवर जे शिजतं, त्यांची आपसूक सोयरीक होते. सगळ्या पाश्चात्त्य वाइनविद्येचं सार एवढंच आहे. आपण ती विद्या आणताना पाठ्यपुस्तक उचललं, सार तिकडेच विसरलो, आणि दिंडोरीच्या वाइनबरोबर चीज-बिस्किट खाऊ लागलो.

आता चव. आपल्याकडे सहा रस सांगितले आहेत : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. वाइनमधे यातले चार कमीजास्त प्रमाणात सापडतात. गोड, आंबट, तुरट, आणि किंचित कडू. नाहीत ते दोन. खारट आणि तिखट. म्हणजे ताटात डावीकडे वाढतात ते मीठ आणि ती चटणी! उणीव वाइनच्या पेल्यात आहे आणि भरपाई आपल्या पानात. यात कोणी कोणापुढे नमायचं, ते तुम्हीच ठरवा.

तिखटाने वाइनचं वाटोळं होतं, हे निम्मं खरं आहे, आणि निम्मं खरं हे कॅशमधल्या फाटक्या नोटेसारखं असतं. चालवणारा ते चालवून टाकतो. तुरट लाल वाइन ठेच्यावर प्यायली तर तोंडाला आग लागते, हे बरोबर. दारूचा अंश तिखटाची जळजळ वाढवतो. तुरटपणाने तोंड सुकतं, कच्च्या सुपारीने सुकतं तसं. लाकडी पिंपात मुरवलेली जड वाइन असेल तर आणखीच पंचाईत. पण आंबटसर, थंडगार, किंचित गोडवा असलेली, दारूचा अंश बेताचा असलेली पांढरी वाइन घेतली तर? तळलेल्या माशावर आपण लिंबू का पिळतो? आंबट रस तेलकटपणा कापतो म्हणून. तिखट रश्श्यानंतर सोलकढी का? थंड, आंबट आणि जराशी गोडसर, म्हणून. मठ्ठ्यात साखरेची चिमूट का? हे ज्ञान आपल्या आज्यांना होतं. त्याला 'पेअरिंग' म्हणतात हे ठाऊक नसल्याने त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

आणि शेवटचा मुद्दा. तिकडे जेवण एकामागून एक येतं. आधी सूप, मग मासा, मग मांस. प्रत्येकाला वेगळी वाइन, जसा प्रत्येक कामाला वेगळा काउंटर. आपलं ताट म्हणजे सिंगल विंडो. सगळे पदार्थ एकाच वेळी हजर, आणि कोणता घास कशाबरोबर, हे खाणाऱ्याच्या बोटांवर. अशा ताटाशेजारी टिकेल ती वाइन खरी मैत्रीण. चीजच्या चार तुकड्यांशी काय, कोणीही गोड बोलेल.

हे सर्व मी त्या दालनात बोललो नाही. मी बँकेत आहे. आम्ही सर्व गोष्टी घरी येऊन बोलतो. तिथे मी फक्त बिल दिलं आणि भूक लागली म्हणून सगळे फाटकाबाहेर आलो. रस्त्याच्या कडेला चिंचेखाली सतरंजी अंथरली आणि डबा उघडला.

पाचच मिनिटांत आतून एक म्हातारेबुवा आले. धोतर, टोपी, हातात कात्री. मला वाटलं आता इथूनही उठवतात. ते जवळ आले, थबकले आणि म्हणाले, "ठेचा हाय का?"

ते या मळ्याचे मूळ मालक. सगळे त्यांना आबा म्हणतात. वाइनरी मुलं चालवतात, पाट्या कोणी सल्लागार येऊन लावून गेला. सौ.नी दशमीवर झुणका आणि ठेचा घालून दिला. आबांनी एक घास घेतला, डोळे पुसले, आणि आत हाक मारून एक थंड बाटली आणि स्टीलचे पेले मागवले. शेनँ ब्लां. पेला न फिरवता, न हुंगता, ठेच्याच्या दुसऱ्या घासावर त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आमी तर घरात अशीच घेतो, ताई. त्या फळीवरचं आपल्याला नाय जमत."

मीही घेतला. खोटं सांगत नाही, ठेच्याची आग विझली नाही, पण ती शहाण्यासारखी वागू लागली. झुणक्यातला लसूण उठून दिसला. वाइनही आत लागली होती त्याहून फळकट, गोडसर लागली. साडूंनी तोंड उघडलं, बहुधा गुजबेरी म्हणायला, आणि त्यात सौ.नी कांद्याची पाकळी ठेवली.

मग आबा बोलले. पूर्वी त्यांची थॉम्सनची बाग होती, खायच्या द्राक्षांची. वाइनचे दिवस आले तेव्हा एका कारखान्याशी करार करून अर्ध्या बागेत वाइनची द्राक्षं लावली. २००८ च्या अखेरीस मंदी आली. मुंबईत हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, बाटल्या पडून राहिल्या. २००९ साली कारखान्याने माल उचलला नाही. "खायाचं द्राक्ष असतं तर बाजारात घातलं असतं," आबा म्हणाले. "न्हाय खपलं तर बेदाणे केले असते. पर ह्याचं मणी बारीक, साल जाड, आत बिया. हे ना बाजाराचं, ना बेदाण्याचं. झाडावर वाळलं." त्या भागात किती जणांनी तेव्हा वेली उपटल्या! आबांनी निम्म्या उपटल्या. उरलेल्या निम्म्यांवर मुलांनी कर्ज काढून स्वतःची वाइनरी उभी केली.

मी कर्जाच्या अर्जांची छाननी केलेला माणूस. त्या चिंचेखाली मला एकदम हिशेब दिसला. या बाटलीची गिऱ्हाइकं कोण? हॉटेलं आणि शनिवारी फोटो काढायला येणारी जोडपी. म्हणजे पुन्हा एकदा हॉटेलं बंद पडली, की पुन्हा झाडावर वाळण. पन्नास मैलांच्या परिसरात ज्या लाखो घरांत रोज चूल पेटते, त्यातल्या एकाही ताटाशी या वाइनची ओळख करून द्यायची नाही आणि वर म्हणायचं, जेवणाशी मैत्री! हा नुसता शिष्टपणा नाही, हा तोट्याचा धंदा आहे. आतल्या फळीपायी बाहेरचं गिऱ्हाईक घालवणं याला आमच्या भाषेत बुडीत खातं म्हणतात.

आता मी ज्यांच्या बाजूने बोलतोय असं वाटतं, त्यांच्याशीही भांडून घेतो. जानेवारी २०२२ मधे किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकू द्यायचं राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! एक पक्ष म्हणाला, संस्कृती बुडाली. दुसरा म्हणाला, वाइन म्हणजे दारू नव्हेच. दोघांनाही नमस्कार. वाइन ही दारू आहे. मी कॉमर्सवाला, हिशेब करून दाखवतो. साडेबारा टक्के अंशाची वाइन, दीडशे मिलिलिटरचा एक पेला : आत पावणेएकोणीस मिलिलिटर शुद्ध दारू. व्हिस्कीचा तीस मिलिलिटरचा छोटा पेग, अंश बेचाळीस पूर्णांक आठ टक्के : आत तेरालाही जरा कमी. म्हणजे तुमचा तो सुसंस्कृत पेला जवळजवळ दीड पेगचा आहे. दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्वच्छ सांगितलं आहे. शेतकऱ्याचं भलं खोटं बोलून होत नसतं.

आणि दारू काय करते हे मला कोणी सांगायला नको. माझा धाकटा काका गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर त्याची गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि तो चहाच्या कपातून घेऊ लागला. आधी संध्याकाळी, मग कधीही. आजी त्याचं ताट वाढून, झाकून ठेवायची. सकाळी मी शाळेत निघताना ते ताट तसंच झाकलेलं असायचं. आजी ती भाकरी गाईला घालायची आणि रात्री पुन्हा ताट वाढायची. काका चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. आज माझं तेच वय आहे.

म्हणून वाइन असो की देशी, माझ्यापुरती परीक्षा एकच. ही बाटली माणसाला ताटाकडे आणते, की ताटापासून उठवते? काकाच्या बाटलीचं जेवणाशी वैर होतं. म्हणूनच 'जेवणाशी मैत्री' हे शब्द कोणी जाहिरातीपुरते वापरले की मला राग येतो. ते फार मोठे शब्द आहेत. जी वाइन उजेडात, सगळ्यांसमोर, भाकरीशेजारी बसेल, घोटागणिक घास घ्यायला लावील आणि पान संपलं की आपणही संपेल, तिच्याशी माझी तक्रार नाही. आमच्या सौ. घेत नाहीत, घेणारही नाहीत. तोही ताटाचाच मान आहे. पण मळ्यात फळी, हॉटेलात तोरा, आणि घरी मात्र कपाटामागे लपवून रिकाम्या पोटी, अशा तिहेरी चालीने वाइनचा काका व्हायला वेळ लागत नाही.

निघताना मुलाने अभिप्रायाची वही पुढे केली. मागे त्या मुंबईच्या जोडप्याने 'ऑसम' असं लिहिलं होतं. मी जरा विचार केला. मागण्या लिहाव्यात असं मनात होतं : फळीऐवजी पितळी ताटली, गुजबेरीऐवजी सिमला मिरची, बाटलीवर 'हुरड्याबरोबर बरी', 'सुक्या बोंबलाबरोबर उत्तम' अशा चार ओळी, आणि स्टूल जरा बुटकी. पण मागे रांग होती, आणि रांगेत उभ्या माणसाचा तळतळाट मला ठाऊक आहे.

तेवढ्यात एप्रनवाला तरुण माझ्याजवळ आला आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "सर, आबा म्हणत होते... ठेचा उरलाय का थोडा?"

सौ.नी उरलेला ठेचा दशमीत गुंडाळून त्याच्या हातात दिला. तो लाल पाटीच्या मागे गेला आणि उभ्याउभ्या खाऊ लागला. मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'आपल्या फाटकावरील दोन पाट्यांपैकी एक खोटी आहे. कोणती ती आबांना विचारून काढून टाकावी.'

खाली सही केली आणि सवयीने तारखेचा शिक्का शोधू लागलो.